व्हायरसशी लढणाऱ्या टी सेल्सचं जीन एक्सप्रेशन, म्हणजे कुठली जीन्स किती चालू आहेत ते, बघायचंय? आधी नेमक्या सेल्स पकडा

बरेच जण रक्त घेतात, सगळ्या पांढऱ्या पेशींमधून आरएनए काढतात, सिक्वेन्सिंगला पाठवतात आणि मग डेटात काहीच वेगळं दिसत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसतात. कारण साधं आहे, एका ठरावीक व्हायरसला ओळखणाऱ्या सेल्स रक्तात फार थोड्या असतात, जुन्या फ्लूच्या तर सीडी८ सेल्समध्ये (इन्फेक्शन झालेल्या पेशी मारणाऱ्या टी सेल्स) बऱ्याचदा हजारात एकसुद्धा सापडत नाही, मग बाकीच्या गर्दीत त्यांचं म्हणणं ऐकू कसं येणार.

त्यासाठी टेट्रामर वापरा. १९९६ पासून ही पद्धत आहे, एचएलएच्या (टी सेलला पेप्टाइड दाखवणारं पेशीवरचं प्रोटीन) चार रेणूंवर व्हायरसचा छोटा पेप्टाइड (प्रोटीनचा तुकडा) बसवायचा आणि त्याला रंग जोडायचा, म्हणजे तो पेप्टाइड ओळखणारी टी सेलच त्याला चिकटते. पण रक्त देणाऱ्याचा एचएलए टाइप आधी काढून घ्या, कारण ए२ चा (हा एचएलएचा एक प्रकार) टेट्रामर ए२ नसलेल्या माणसाच्या रक्तात टाकून काही हाती लागत नाही. नवीन असाल तर सायटोमेगॅलोव्हायरसपासून सुरुवात करा, ज्यांना तो होऊन गेलाय त्यांच्यात या सेल्स भरपूर असतात, हात बसायला बरं.

रक्त ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घ्या, हेपॅरिन पुढे पीसीआरला आडवं येतं. फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) रक्त ट्यूबच्या कडेने अगदी हळू सोडा, रूम टेम्परेचरला फिरवा आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल पेशी आणि मधे धुरकट पांढरी कडी दिसते ना, तीच आपली, पिपेट गोल फिरवत तेवढीच उचला. आणि हे सगळं त्याच दिवशी उरका. मी एकदा ट्यूब रात्रभर ठेवली होती, नंतर डेटात फॉस आणि जून ही पेशीवर ताण आला की चढणारी जीन्स सगळीकडे पेटलेली, इन्फेक्शनचा परिणाम कुठला आणि हाताळणीचा कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही, त्या माणसाचं रक्त वाया गेलं याचं अजून वाईट वाटतं.

स्टेनिंगला आधी टेट्रामर, मग सीडी३, सीडी८ च्या अँटीबॉडीज, सोबत मेलेल्या सेल्स दाखवणारा डाय. सॉर्ट करताना त्याच माणसाच्या नाईव्ह (आपला व्हायरस अजून न भेटलेल्या) सीडी८ सेल्स पण बाजूला काढा, तुलना कशाशी करणार नाहीतर? सेल्स काहीशेच मिळाल्या तर थेट लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) पाडा.

आता डेटा वाचायचा. टीसीएफ७, एलईएफ१, सीसीआर७ ही जीन्स जास्त असतील तर सेल नाईव्हकडे झुकलेली, जीझेडएमबी, पीआरएफ१, जीएनएलवाय जास्त तर मारायला तयार. फक्त हीच मारक जीन्स एनके सेल्समध्येही (टी सेल नसलेल्या दुसऱ्या मारक पेशी) असतात, म्हणून सीडी३ ची जीन्स सोबत आहेत का ते बघाच. सिंगल सेलचं ३ प्राइम किट (आरएनएचं फक्त शेवटचं टोक वाचणारं) असेल तर सीडी४५आरए आणि आरओ (नाईव्ह आणि मेमरी सेल्स ओळखायच्या खुणा) असा फरक शोधत बसू नका, दोन्ही एकाच जीनचे, फरक स्प्लायसिंगचा (आरएनए कापून जोडण्याचा) आणि तोही दुसऱ्या टोकाला, तो त्या रीड्समध्ये येतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीडीसीडी१ (पीडी-१ या प्रोटीनचं जीन) दिसलं की सेल थकली असं लिहून मोकळं होणं. हे जीन सेल नुकतीच ॲक्टिव्हेट झाली तरी चढतं, आणि टॉक्स हे थकव्याशी जोडलं जाणारं दुसरं जीन तर माणसाच्या चांगल्या काम करणाऱ्या मेमरी सेल्समध्येही सापडतं. २००६ साली एचआयव्हीच्या रुग्णांच्या सेल्सवर पीडी-१ चा रस्ता अडवला तेव्हा त्या पुन्हा कामाला लागल्या, म्हणजे प्रश्न कामाचा आहे, एका जीनचा नाही. एलएजी३, एचएव्हीसीआर२ ही थकव्याशी जोडली जाणारी जीन्सही सोबत बघा, रक्त इन्फेक्शननंतर कितव्या दिवशी घेतलं ते लिहून ठेवा, आणि माझं ऐकाल तर थोड्या सेल्स राखून पेप्टाइड देऊन इंटरफेरॉन गॅमा (काम करणारी टी सेल सोडते ते प्रोटीन) खरंच बनतो का ते तपासा.

स्टॅटिस्टिक्समध्ये पाच माणसांच्या दहा हजार सेल्स असल्या तरी तुमचा एन (नमुन्यांची संख्या) पाचच, दहा हजार नाही. प्रत्येक माणसाच्या सेल्सचे काउंट्स एकत्र करून स्यूडोबल्क करा आणि मगच पी व्हॅल्यू काढा.