आकडेमोड बरोबर, उत्तर चूक: रोजच्या हिशोबातल्या या चुका टाळा

शिकवणीला येणारी मुलं गुणाकार-भागाकारात फारशी चुकत नाहीत. चूक त्याच्या आधीच झालेली असते. हातातला आकडा कशाचा आहे आणि तो कुठल्या नियमाने वाढतो, हे न बघताच ती विचारतात, "सर, सूत्र कुठलं लावू?" त्यांचे पालकही तेच करतात. फरक एवढाच की मुलांचे मार्क जातात, पालकांचे पैसे. कधी त्याहून जास्त जातं.

सगळीकडे त्रैराशिक लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती आपण शाळेतच घोटवून घेतो. एका पेनाला दहा रुपये तर पाच पेनांना पन्नास. पेनांपुरतं खरं आहे. नदी पेनांसारखी वागत नाही.

कोल्हापुरात पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी 39 फुटांवर आल्याची बातमी आली की गल्लोगल्ली हिशोब सुरू होतो: तासाला दोन इंच चढतंय, धोक्याला चार फूट बाकी, म्हणजे 48 इंच, म्हणजे 24 तास हातात आहेत.

2019 च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असाच हिशोब झाला. 2005 च्या पुरात पाणी दाराशी आलं होतं, ती पातळी धरून वडिलांनी वहीत भागाकार मांडला. भागाकारात एकही चूक नव्हती. सामान सकाळी हलवू असं ठरलं. उजाडायच्या आत पाणी घरात होतं. फ्रीज, कपाटं, वर्षाचे गहू, मुलाची पुस्तकं, सगळं गेलं. माणसं वरच्या मजल्यावर झोपली होती म्हणून वाचली. त्या पुरात नदीने 55 फूट ओलांडले.

"तासाला दोन इंच" हा होऊन गेलेल्या तासाचा वेग होता. पुढचा वेग वरच्या अंगाला, गगनबावडा-राधानगरीकडे, किती पाऊस झाला आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, यावर ठरतो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण 40 हजार लिटर पाणी सुटतं, आणि ते शहरापर्यंत यायला काही तास लागतात. उलटंही होतं. नदी पात्र सोडून शेतात शिरली की तेवढ्याच पाण्यात पातळी सावकाश चढते. लोक म्हणतात, "थांबलं बघ पाणी." पाणी येतच असतं, फक्त आडवं पसरत असतं.

पावसाळ्यात मी आलेख कागद घेऊन दर तीन तासांची पातळी मांडतो. रेषा वर वळतेय की सपाट होतेय, ते लगेच दिसतं. गणिताने जेवढा वेळ निघेल त्याच्या निम्माच हातात आहे असं धरतो. ही पद्धत कुठल्या पुस्तकातली नाही, माझी सवय आहे, आणि ज्यांच्या घराला पाणी लागतं त्यांना मी ती आग्रहाने सांगतो.

स्वयंपाकातही हेच. दहा माणसांच्या रश्श्याचं पाणी शंभर माणसांसाठी सरळ दहापट केलं तर रस्सा पातळ होतो. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते, आणि मटण दहापट झालं म्हणून पातेल्याचं तोंड दहापट होत नाही. आचारी पाणी हात राखून घालतात ते यामुळेच.

टक्के कशाचे, हे न विचारणं

उसाचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर, 11 वरून 12 वर गेला की "एकच टक्का वाढला" म्हणणारे शेतकरी मी पाहिलेत. 2024-25 च्या हंगामात एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती, आणि त्यापुढच्या दर 0.1 टक्क्याला 3.32 रुपये वाढत होते. 340 चा एक टक्का होतो 3.40 रुपये. उताऱ्यातला एक टक्का मात्र 33.20 रुपयांचा, म्हणजे टनाला 332. शब्द एकच, पैसे दहापट.

कर्जाचंही तसंच. एक लाख, तीन वर्षं, "फक्त 10 टक्के फ्लॅट". व्याज 30 हजार, हप्ता 3611. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर तो दर जवळपास 18 टक्के पडतो. हप्ता परवडतो का एवढंच बघून सही करू नका. घटत्या शिल्लकीचा दर लिहून मागा. मी तर लिहून मिळेपर्यंत खुर्चीतून उठत नाही.

थोडक्यात आणखी काही

पन्हाळ्याला जाताना ताशी 30, येताना 60, तर सरासरी 45 होत नाही, 40 होते. चढताना वेळ जास्त जातो.

सातबाऱ्यावरचा आर (100 चौरस मीटर) म्हणजे गुंठा नव्हे. 20 आर म्हणजे 19.77 गुंठे. गुंठ्याला पाच लाखांचा भाव असेल तर फरक एक लाख सोळा हजारांचा.

क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा. 11,574 क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं.

मिरवणुकीतला आवाज 75 वरून 85 डेसिबल झाला तर त्याची तीव्रता दहापट झालेली असते.

दोन सेकंदांत गुणाकार शिकवणारे व्हिडिओ बंद करा. ज्याला आधीच घाई आहे त्याला आणखी वेग देऊन नुकसानच होतं.

जुळलेलं मोजणं, न जुळलेलं सोडणं

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर 1938 साली आपल्या कोल्हापुरातच जन्मले. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली. कुंडल्या 200, त्यातल्या 100 हुशार मुलांच्या आणि 100 गतिमंद मुलांच्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के आली. नाणं उडवलं तरी 50 च्या आसपास येतील. एरवी आपण जुळलेली भाकितं लक्षात ठेवतो आणि बाकीची विसरतो; त्यांनी सगळी मोजली.

क्लासच्या जाहिरातीतही हेच बघा. वर आलेल्या मुलांचे दहा फोटो असतील तर विचारा, परीक्षेला बसले किती होते? माझ्याकडे कुणी चौकशीला आलं तर मी दोन्ही आकडे आधी सांगतो, मग फी.