मोठ्या कलाकाराच्या आधी मंचावर जाताना: मुंबईतल्या रॅप ग्रुपसाठी मार्गदर्शन

मुंबईत हिपहॉप करणाऱ्या ग्रुपला आज ना उद्या एक फोन येतो: अमुक एका मोठ्या कलाकाराचा कार्यक्रम आहे, त्याच्या आधी वीस मिनिटे तुम्ही कराल का? धारावी, कुर्ला, नालासोपारा, उल्हासनगर अशा ठिकाणी नाक्यावरच्या सायफरमधून (गोल उभे राहून आळीपाळीने रॅप करण्याच्या मैफलीतून) तयार झालेल्या मुलामुलींसाठी हा फोन फार मोठा असतो, आणि तो तसा असायलाही हवा. मात्र त्या वीस मिनिटांत समोर उभी असलेली गर्दी तुमची नसते, ध्वनियंत्रणा तुमच्यासाठी लावलेली नसते आणि वेळापत्रकाला कात्री लागायची झाली तर ती आधी तुमच्याच वेळेला लागते. हे तिन्ही धरून चालणारा ग्रुप त्या रात्रीतून बरेच काही मिळवतो. जो धरून चालत नाही, तो कितीही चांगला असला तरी नाराज होऊन परततो आणि पुढे कित्येक दिवस आपसांतच धुसफुसत राहतो. काही ग्रुपची तयारी जवळून पाहताना आणि काहींची करून घेताना जे उपयोगी पडले, ते येथे मांडत आहे.

होकार फोनवर दिला तरी त्याच दिवशी सगळे मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवावेत आणि आयोजकांचे लेखी उत्तर घ्यावे. मानधन किती आणि केव्हा मिळणार, मंचावर किती वाजता जायचे, पूर्ण साउंडचेक (आधी गाऊन ध्वनीची पातळी लावून घेणे) मिळणार की केवळ लाइनचेक (माइक चालू आहेत एवढेच पाहणे), पोस्टरवर ग्रुपचे नाव येणार का, पास किती मिळणार, हे सर्व त्यात असावे. ‘पैसे नाहीत, पण एक्सपोजर मिळेल’ असे सांगितले गेले, तर निदान प्रवास, जेवण आणि तुमच्या सेटच्या, म्हणजे सलग सादर केलेल्या गाण्यांच्या, चित्रीकरणाची संपूर्ण प्रत मागावी. हजारो रुपयांची तिकिटे विकणाऱ्या कार्यक्रमाकडे एवढे मागण्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही. माझ्या मते पहिला कार्यक्रम चित्रीकरणाच्या बोलीवर विनामूल्य करायला हरकत नाही, पण त्याच आयोजकांकडे दुसरा कार्यक्रम तसा करू नये.

वेळेला कात्री का लागते, हे समजून घेतले की राग बराच कमी होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण एरवी दहा म्हणजे दहाच. मुख्य कलाकाराला दीड तास द्यायचा, त्याची वाद्ये आणि पडदे लावायला अर्धा तास ठेवायचा आणि फाटक एक तास उशिरा उघडायचे, असे गणित झाले की उरलेली सगळी तूट सुरुवातीच्या ग्रुपच्या वाट्याला येते. यात तुमच्याविषयी कोणाचा आकस नसतो.

म्हणून सेट एक नव्हे, तीन तयार करावेत: पूर्ण वीस मिनिटांचा, बारा मिनिटांचा आणि आठ मिनिटांचा. तिन्हींची तालीम घड्याळ लावून करावी आणि डीजेच्या पेन ड्राइव्हवर त्यांचे वेगवेगळे फोल्डर ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी कोणते गाणे गाळायचे याची चर्चा मंचाच्या पायऱ्यांवर करावी लागत नाही. नवी मुंबईतल्या एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात कुर्ल्याच्या एका ग्रुपला वीस मिनिटे कबूल झाली होती. पायऱ्या चढण्याच्या क्षणी हेडसेट लावलेला व्यवस्थापक समोर आला आणि त्याने काही न बोलता दोन्ही हात वर करून नऊ बोटे दाखवली. डीजेने मान हलवली आणि सर्वांत छोटा फोल्डर उघडला. सेट नीटनेटका, एकही ओळ न चुकता पार पडला. दुःख वेगळेच होते: या पोरांच्या चाळीतून आलेली मंडळी, त्यांत एकाची आईसुद्धा, तेव्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत फाटकाबाहेर उभी होती, आणि ती आत आली तेव्हा मंचावर पुढच्या कलाकाराचे ड्रम लागत होते. तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला सांगतो की आपल्या माणसांना सेटची वेळ सांगूच नये. फाटक उघडण्याची वेळ सांगावी, तीही अर्धा तास अलीकडची.

छोट्या सेटमध्ये कोणाचे कडवे गाळायचे, हा प्रश्न ग्रुप फोडणारा आहे आणि तो घरीच सोडवायला हवा. माझा आग्रह असा की आठ मिनिटांच्या सेटमध्येही प्रत्येकाचे निदान एक कडवे असावे, भले त्यासाठी गाणी अर्धीअर्धी जोडावी लागोत. घरी, कॉलेजात, कामावर सगळ्यांना सांगून आलेला मुलगा त्या रात्री केवळ मागे उभा राहून उड्या मारतो, तेव्हा तो तोंडाने काही म्हणत नाही, पण तालमीला यायचा हळूहळू थांबतो.

गाण्यांच्या क्रमाचा विचार साउंड इंजिनिअरच्या बाजूने करावा. साउंडचेक न मिळालेल्या ग्रुपच्या पहिल्या गाण्यात तो माइकची पातळी शोधत असतो, त्यामुळे पहिले मिनिट बहुधा वाया जाते. सर्वांत दमदार गाणे आधी घेतले, तर ते त्या मिनिटात हरवते. पहिले गाणे कमी वाद्यांचे आणि स्पष्ट शब्दांचे ठेवावे, शक्यतो सर्वांचे आवाज आलटूनपालटून येतील असे, म्हणजे त्याला सगळे माइक ऐकू येतात, आणि दमदार गाणे दुसऱ्या क्रमांकावर आणावे. अनोळखी गर्दीला म्हणायला लावायची ओळ चारपाच शब्दांपेक्षा मोठी नसावी आणि ती शिकवण्यात वेळ घालवू नये. पोवाड्यात शाहिराच्या मागचे झीलकरी नेमकी शेवटची ओळ उचलून धरतात आणि बाकी वेळ शाहिराला गाऊ देतात. हाइप मॅनने, म्हणजे मुख्य रॅपरला साथ देऊन गर्दीला चेतवणाऱ्याने, तसेच वागावे. प्रत्येक ओळीवर ओरडणारा हाइप मॅन आपल्याच माणसाचे शब्द बुडवतो, आणि तुमची गाणी पहिल्यांदाच ऐकणाऱ्या गर्दीसमोर शब्द बुडाले की काहीच उरत नाही.

मराठी कडवी गाळून सगळे हिंदीत करावे का, असे हमखास विचारले जाते. करू नये. मुंबईतला ‘स्वदेसी’ हा ग्रुप अनेक भाषांत रॅप करतो, त्यात एमसी मवाली मराठीत करतात, आणि आरेतल्या आदिवासींच्या प्रश्नावरच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये त्यांच्यासोबत आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. धारावीतल्या ‘सेव्हन बंटाइझ’चे रॅपही एका भाषेत मावत नाहीत. मुंबईच्या श्रोत्याला भाषांची सरमिसळ रोजच्या लोकलमध्ये ऐकायची सवय आहे. गाणे कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगावे आणि थेट सुरू करावे.

तांत्रिक बाजूकडे दुर्लक्ष झाले, तर वर सांगितलेले सगळे व्यर्थ जाते. बीट (गाण्यांमागचे तयार संगीत) एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही स्वरूपात, मुख्य आवाज काढून टाकलेल्या आणि हुकचे (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींचे) दुहेरी आवाज अगदी हळू ठेवलेल्या अशा तयार कराव्यात. दोन पेन ड्राइव्ह एफएटी-३२ स्वरूपात ठेवावेत, कारण मंचावरचे अनेक डीजे प्लेअर इतर काही स्वरूपे वाचत नाहीत. किती माइक लागतील, कोण कुठे उभा राहील आणि लॅपटॉप कोठे असेल हे दाखवणारी एका पानाची आकृती दोन दिवस आधी पाठवावी. मुख्य कलाकाराचे सामान आधीच मागे मांडून झाकून ठेवलेले असते, त्यामुळे तुम्हाला पुढची अरुंद पट्टीच मिळेल असे समजून तालीम करावी.

माइकची जाळी तळहाताने झाकून धरण्याची लकब मात्र सोडावीच लागेल. जाळी झाकली की माइक सगळ्या बाजूंचा आवाज घेऊ लागतो, मॉनिटरमधून (कलाकाराकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून) शिट्टी वाजते आणि शब्द अस्पष्ट होतात. दुसरी अडचण मैदानाची असते. ध्वनीला ३४ मीटर अंतर कापायला सुमारे सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे समोरच्या भिंतीवरून किंवा स्टँडवरून परत येणारी बीट ऐकून रॅप केले, तर ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोक्यांच्या) गाण्यातही ताल मागे पडतो. कान पायाशी असलेल्या मॉनिटरकडेच ठेवावा. आपला आवाज त्यात ऐकू येत नसेल, तर माइकवर तक्रार न करता एका बोटाने माइककडे आणि मग वर खूण करावी. इंजिनिअरला ती कळते.

गर्दी दुसऱ्याच्या नावाचा घोष करणार, हे ठरलेलेच आहे. त्यावर चिडून बोलणे किंवा ‘आम्हालाही थोडा सपोर्ट द्या’ अशी विनवणी करणे, दोन्ही टाळावे. सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन गाण्यांमध्ये शांतता पडूच न देणे, कारण घोष त्या फटीतूनच शिरतो. त्याच कलाकाराचे नाव आदराने एकदा घेऊन लगेच पुढची बीट सोडली, तरी चालते. नजर सगळ्या मैदानावर न फिरवता पुढच्या दोन रांगांतल्या मान हलवणाऱ्या चेहऱ्यांवर ठेवावी, म्हणजे आवाजात कडवटपणा येत नाही. नंतर मोबाइलवरच्या क्लिप फिरतात, त्याचीही मनाची तयारी असावी. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या आधी गायलेल्या जसलीन रॉयल यांच्यावर अशाच क्लिपवरून समाजमाध्यमांत मोठी टीका झाली. दूरच्या स्टँडवरून मोबाइलने टिपलेला आवाज आणि मंचावरचे गाणे यांत किती फरक पडतो, याचा विचार टीका करणारे सहसा करत नाहीत. म्हणूनच मंचाच्या ध्वनिमिश्रणातून थेट आवाज घेतलेले स्वतःचे चित्रीकरण हाताशी असणे आणि ते त्याच रात्री प्रसिद्ध करणे महत्त्वाचे ठरते.

सेट संपल्यावर मुख्य कलाकाराची भेट होईलच असे नाही. त्यासाठी ग्रीनरूमच्या दाराशी ताटकळणारी मुले पाहून मला फार वाईट वाटते. त्याऐवजी साउंड इंजिनिअरचे आणि मंच सांभाळणाऱ्यांचे नाव घेऊन आभार मानावेत, कारण हीच माणसे शहरातल्या पुढच्या दहा कार्यक्रमांतही असतात, आणि मग गर्दीत जाऊन उभे राहावे. जे तुम्हाला ऐकून खूश झाले, ते तुम्हाला तिथेच भेटतील. परतीची सोय आधी करावी: नेरुळहून नालासोपाऱ्याला जाणाऱ्याला शेवटची लोकल चुकणे परवडत नाही, म्हणून गाडीचे पैसे मानधनातून आधीच बाजूला ठेवावेत.

बिल दोन दिवसांत पाठवावे. व्यावसायिक शुल्कावर आयोजक टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापू शकतात, तेव्हा ज्याच्या पॅनवर पैसे येणार त्याच्याशी हिशेब लेखी ठरवावा आणि बीट बनवणाऱ्याचा व डीजेचा वाटा विसरू नये. ऑनलाइन भाड्याने घेतलेल्या बीटच्या अटींत प्रत्यक्ष कार्यक्रमांवर मर्यादा असू शकते, ती कार्यक्रमाआधी वाचावी. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचे (त्यांच्यासाठी स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद असाल, तर सादर केलेल्या गाण्यांची यादी आयोजकांमार्फत किंवा स्वतः संस्थेकडे पोहोचवावी, कारण तिच्या आधाराने स्वामित्वधनाचा वाटा मिळू शकतो.

या सगळ्याहून मोलाची एक गोष्ट होकार देतानाच करायची आहे. मोठ्या कार्यक्रमानंतर दोनतीन आठवड्यांतली तारीख धरून, साठसत्तर माणसे मावतील अशा लहान जागेत स्वतःचा कार्यक्रम आधीच ठरवावा आणि शेवटच्या गाण्यापूर्वी त्याची तारीख माइकवरून एकदा सांगावी. तिथे तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला ‘आम्हाला पहिल्यांदा कुठे ऐकले?’ असे विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढचा फोन येईल तेव्हा मानधनाची बोलणी त्या वहीतल्या आकड्यावरून करता येतात, आणि तो आकडा शून्य असेल, तर मानधनाशिवाय मंचावर जायचे की नाही हेही त्यावरूनच ठरवावे.