विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनची पाटी नसन तर ते कोणतं हे कसं वळखाचं

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत मोटर आल्यापासून पडून असलेलं एखादं इंजिन असतेच, आजोबानं कुठून आणलं घरात कोणालेच माहीत नाई, पितळी पाटी तर कधीचीच भंगारात गेली. पण चालू कराचं असन तर ते कोणतं हे आधी समजलं पायजे, नाईतर दुकानात जाऊन पिस्टनच्या रिंगा अन् लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) मागाचे तरी कशाचे?

रंगावर अजिबात जाऊ नका. हिरवं आहे म्हणजे लिस्टर कंपनीचं, असं अर्धं गाव सांगते, रंग तर कोणीबी मारते. डिझेल पंपावर मायको लिहून आहे म्हणून इंजिन मायकोचं नाई होत, मायको पंप अन् नोझल बनवाची, ते कोणाच्याबी इंजिनवर बसलेले दिसतात. अन् हेडवर स्पार्क प्लग असन तर भाऊ ते डिझेल इंजिनच नाई, पेट्रोलचं नाईतर पेट्रोलवर चालू करून घासलेटवर चालणारं आहे.

आता चाकं पाहा. उंच इंजिन, दोन्हीकडे आऱ्यांची मोठी चाकं, म्हणजे लिस्टर टाइप. अस्सल लिस्टर इंग्लंडातल्या डर्स्लीची, तिचं ६/१ म्हणजे एका सिलिंडरचं ६ हॉर्सपॉवर, ६५० आरपीएम (मिनिटाले ६५० फेरे), आरामात ठक-ठक चालते. पण त्याच साच्याची इंजिनं राजकोटले ढिगानं बनली, म्हणून 'टाइप' हा शब्द सोडू नका. इंजिन लहान, एकीकडेच भरीव चाक, १५०० आरपीएमचं असन तर ते पीटर टाइप (इंग्लंडातल्याच पेटर कंपनीच्या साच्याचं), किर्लोस्करचं एव्ही१ बी त्याच घरचं, ५ हॉर्सपॉवर.

खरी खात्री मापानंच होते. पाणी काढून हेड उतरवा, पिस्टन सगळ्यात वर अन् सगळ्यात खाली असताना खोली मोजा, दोन्हीतला फरक म्हणजे स्ट्रोक. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तो झिजते, रिबोअर होते म्हणजे कातून मोठा करतात, स्ट्रोक मात्र तसाच राहते, म्हणून मी आधी स्ट्रोकच पाहतो. लिस्टर ६/१ चा १३९.७ मिमी, बोअर ११४.३. एव्ही१ चा स्ट्रोक ११०, बोअर ८०. आता किर्लोस्करच्याच टीव्ही१ चा स्ट्रोकबी ११० आहे पण बोअर ८७.५, अन् साडेसात मिमी काही झिजून वाढत नाई, तेव्हा तिथं गोंधळ होऊ देऊ नका. सीसी, म्हणजे पिस्टन फिरते तेवढी सिलिंडरची जागा, पायजे असन तर बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये, त्याले ०.७८५ नं गुणा, एव्ही१ चे ५५३ च्या आसपास येतात.

अक्षरं शोधाले ग्राइंडर लावू नका, नंबरच उडून जाईन. डिझेलनं धुवा, हलक्या हातानं तारेचा ब्रश मारा, मग खडू घासा. ब्लॉक, चाकाची कड, क्रँकचं टोक, सगळं पाहा. उठावदार अक्षरं ओतकामाची असतात, ठोकलेले आकडे बहुतेक इंजिन नंबर. ब्लॉकवर एक खूण अन् हेडवर दुसरीच निघाली तर समजा कोण्या मिस्त्रीनं दोन इंजिनांचं एक केलं आहे, मग कंपनी शोधत बसण्यापेक्षा जुना लायनर अन् एक रिंग पिशवीत टाकून दुकानात न्या अन् मापावरच सामान घ्या.