लिंझच्या महोत्सवासाठी पुण्यातून कलाकृती पाठवताना
ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९७९ साली सुरू झालेला आणि १९८६पासून दरवर्षी भरणारा ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा महोत्सव कला, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचा विचार करतो. त्यामुळे त्याच्याशी निगडित, १९८७पासून दिल्या जाणाऱ्या ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’ पुरस्कारासाठी अर्ज करताना केवळ तांत्रिक करामत दाखवू नये. पुरस्काराचे विभाग बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली आधी वाचावी.

सर्वाधिक वेळ अर्जासोबतच्या, कलाकृती दाखवणाऱ्या चित्रफितीला द्यावा, कारण परीक्षकांना बहुधा तीच दिसते. मुठेच्या पाण्याची पातळी संवेदकाने (सेन्सरने) मोजून तिचे ध्वनीत रूपांतर करणारी रचना असेल, तर आधी नदी, मग यंत्रणा आणि शेवटी ऐकणारा माणूस दाखवावा; पाणी वाढले की आवाज कसा बदलतो, हे कोणत्याही निवेदनाशिवाय कळले पाहिजे. माझ्या मते पार्श्वसंगीत येथे घातकच ठरते.

निवड झाल्यास प्रवासाची तयारी लवकर सुरू करावी. ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. महागडी उपकरणे तात्पुरती नेऊन परत आणायची असतील, तर ‘फिक्की’ या उद्योग-व्यापार महासंघाकडून ‘एटीए कार्ने’, म्हणजे सीमाशुल्क न भरता वस्तू तात्पुरत्या परदेशी नेण्याचे कागदपत्र, घ्यावे. तेथील वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असली, तरी आपला तीन पिनांचा प्लग तेथे बसत नाही. योग्य अ‍ॅडॅप्टर आणि जादा संवेदक बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतूनच घेऊन, घरी जोडून तपासावेत.