वॉचमन गोबीसाठी टाकीचा तळ कसा तयार करावा

पश्चिम प्रशांत महासागरातील पिवळी वॉचमन गोबी (एक लहान समुद्री मासा) जेमतेम 10 सेंटीमीटर वाढते आणि बहुतेक आयुष्य वाळूतील बिळाच्या तोंडाशी घालवते. म्हणून तिच्यासाठी मत्स्यालयाची टाकी मांडताना सर्वांत आधी तळाचा विचार करावा. साधारण 100 लिटरची टाकी एका माशाला पुरते. खडक प्रथम थेट तळाच्या काचेवर पक्के बसवावेत आणि मगच त्यांच्याभोवती 5 ते 7 सेंटीमीटर वाळू पसरावी, कारण वाळूवर ठेवलेला खडक त्याखालची वाळू उपसली गेली की खचतो आणि मासा चेंगरून मरतो. निव्वळ बारीक वाळूत बिळाचे छत टिकत नाही; तिच्यात शिंपल्यांचे लहान तुकडे मिसळावेत. गोव्याच्या समुद्रातील प्रवाळ मात्र कोणीही उचलून आणू नये. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

जमल्यास सोबत पिस्तूल कोळंबी अवश्य ठेवावी. तिला फारसे दिसत नाही; ती बीळ खणते, मिशी माशाच्या अंगाला टेकवून बाहेर येते आणि धोका दिसताच माशाने शेपटी हलवली की आत शिरते. हे सहजीवन घरात पाहायला मिळणे हाच हा मासा पाळण्यातील खरा आनंद आहे, असे मला वाटते.

गोव्यातील मिरामार किंवा दोनापावलाच्या किनाऱ्याचे पाणी टाकीत भरू नये, कारण पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे तेथील क्षारता फार उतरते. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ विरघळवून सापेक्ष घनता 1.025च्या आसपास ठेवावी. पाण्यातील विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नये. तापमान 25 ते 27 अंश असावे. मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने ते उतरते, परंतु मीठ मागेच राहत असल्याने घटलेली पातळी रोज बिनमिठाच्या पाण्याने भरून काढावी. वीज गेल्यास प्राणवायू कमी पडू नये म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा.

नवा मासा काही दिवस दडून राहतो. अशा वेळी पंप थांबवून ड्रॉपरने मायसिस (कोळंबीसारखे इवलेसे जीव) किंवा मीठ न लावलेल्या सुंगटाचे (खाण्याच्या कोळंबीचे) बारीक तुकडे बिळाजवळ सोडावेत. घाबरल्यावर गोबी टाकीबाहेर उडी मारते, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवेच आणि वायरींसाठी ठेवलेल्या फटीही बुजवाव्यात.