उन्हाळ्यात गोधडी, गणपतीत लोकर

ग्वाल्हेरची थंडी दिवाळीनंतर हळूहळू येते आणि डिसेंबरच्या अखेरीस एकदम अंगावर पडते. तेव्हा कुठे सुया शोधायला घेतल्या तर स्वेटर उतरेपर्यंत होळी येते. म्हणून हातकामाची तयारी नेहमी एक ऋतू आधी करायची.

एप्रिल-मेमध्ये गोधडीचं कापड काढा. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा सुती साड्या तासाभरात खडखडीत वाळतात. पावसाळ्यात हेच कापड दमट राहून कुबट होतं. पाच बाय सात फुटांच्या, चार थरांच्या गोधडीला तीन सहावारी साड्या लागतात. प्रत्येक साडीतून सात फुटांचे दोन तुकडे निघतात, म्हणजे एकूण सहा. चार तुकडे अख्खे ठेवा, उरलेले दोन उभे दुभागून त्या चारांना एकेक पट्टी जोडा की रुंदी पुरते. वर उरलेल्या कापडातून ठिगळं आणि कडेची पट्टी निघते. साड्या निव्वळ सुतीच हव्यात. सिंथेटिक थर सुईखाली सरकतो, अंगाखाली घाम धरतो. खळ असेल तर रात्रभर भिजवून काढा. वरून नवं कापड लावणार असाल तर तेही आधी धुऊन आटवून घ्या. न धुता लावलेलं नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मुरलेल्या जुन्या थरांना ओढून सगळ्या गोधडीला सुरकुत्या पाडतं. रंग जातो का हे पाहायला ओला पांढरा रुमाल कापडावर चोळा.

थर जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके, घाला, तेही मधून बाहेर. कच्चा दोरा न घालता कडेकडून आत शिवत गेलं की सगळी ढिलाई मध्यावर गोळा होऊन फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. पक्क्या टाक्यांना जाड सुती दोराच घ्या, पॉलिएस्टरचा दोरा मऊ जुन्या कापडाला कापत जातो. दोरा हातभरच ओवावा, त्याहून लांब घेतला की गाठी पडतात. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान जवळ हवंच.

पावसाळ्यात बाळंतविडा काढावा. कुंची, टोपडं, मोजे ही कामं छोटी, हवा दमट असली तरी उरकतात. मात्र लोखंडी सुया काम झाल्यावर पुसून ठेवा, गंजाचा डाग पांढऱ्या कापडावरून सहज निघत नाही.

गणपतीच्या सुमारास बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारात, जाऊन लोकर आणा. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या स्वेटरला चार पदरी लोकर साधारण २०० ग्रॅम लागते, वर एक लडी जास्त घ्या. शेड नंबरबरोबर लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, जुळवून पाहा. एकाच शेडचे दोन लॉट दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसतात, उन्हात बाहीचा रंग वेगळा पडतो. लडीचा गुंडा सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळला की लोकर ताणलेलीच विणली जाते आणि धुतल्यावर स्वेटर आखूड होतो.

सुया १२ आणि १० नंबरच्या, म्हणजे २.७५ आणि ३.२५ मिलिमीटरच्या. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. बॉर्डर १२ वर, अंग १० वर. त्याआधी ४० टाक्यांचा नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त उसवावं लागतं ते इथेच चुकल्याने. २८ टाके भरले तर ९२ टाक्यांत समोरचा भाग सुमारे ३३ सेंटिमीटर होतो. २६च भरले तर तोच भाग ३५च्या पुढे जातो, आणि मागचा धरून स्वेटर जवळपास पाच सेंटिमीटर ढगळ होतो. अशा वेळी टाके कमी करू नका, एक नंबर बारीक सुई घेऊन नमुना पुन्हा विणा. गळ्याची पट्टी १२ वर विणली तरी टाके १० नंबरने बंद करा, नाहीतर मुलाचं डोकं आत शिरत नाही.

असं केलं की १९०५पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात मुलं नवा स्वेटर घालून फिरतात. होळीनंतर लोकरीचे कपडे धुऊन, सावलीत आडवे वाळवून ठेवा. कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी लागते, म्हणून न धुता पेटीत टाकू नका. सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने बाळाला अपाय होतो.