पिवळा रंग दिसला म्हणजे चांदीचे नॅनोकण झाले असे नव्हे

सांगलीत रसायनशास्त्राच्या एम. एस्सी.ला असताना मी प्रकल्पासाठी चांदीचे नॅनोकण हा विषय घेतला. हरिपूरच्या पेवांजवळ, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांजवळ, लहानपण गेल्यामुळे क्षपणकारक (चांदीच्या क्षारातून धातूरूप चांदी मोकळी करणारा पदार्थ) म्हणून हळदीचाच अर्क मनात आला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात अर्काचे थेंब सोडताच मिश्रण पिवळे झाले आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखावर ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शिखर दिसले. चांदीचे लहान गोल कण साधारण ४०० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात हे वाचलेले असल्याने मी कण तयार झाल्याची नोंद करून टाकली. दोन आठवड्यांनी मार्गदर्शक बाईंनी नुसत्या अर्काचा आलेख मागितला. तो काढला, तर शिखर जवळपास त्याच जागी होते, कारण हळदीतले कर्क्युमिन स्वतःच त्या भागात प्रकाश शोषते.

पदार्थ तोच ठेवून कणाचे आकारमान बदलले की गुण बदलतात, हे या क्षेत्राचे मर्म आहे. सोन्याचे सुमारे २० नॅनोमीटरचे कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात आणि एकमेकांना चिकटले की निळसर होतात; कॅडमियम सेलेनाइडचे कण लहान असताना निळा, मोठे झाल्यावर लाल प्रकाश देतात, आणि अशाच क्वांटम डॉट्सच्या, म्हणजे आकारमानानुसार रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, शोधाला व निर्मितीला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यामुळे हवे ते गुण घडवायचे, तर आकारमान आणि त्यातला सारखेपणा आपल्या हाती राहिला पाहिजे. वनस्पतींच्या अर्कातील घटक वाणानुसार आणि हंगामानुसार बदलत असल्याने नवख्याने तिथून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी सोडियम बोरोहायड्राइड हे रासायनिक क्षपणकारक वापरायची कृती शिकावी. त्याचे ताजे, बर्फात थंड केलेले द्रावण चुंबकीय ढवळणीवर ठेवून त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडावे आणि ते संपताच ढवळणे थांबवावे, नाहीतर कण चिकटून पिवळा रंग काळवंडतो. काचभांडी शेवटी डिस्टिल्ड पाण्यानेच खळाळावीत. नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे द्रावण दुधाळ होते. हातमोजे घालावेत, कारण सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत. तापमान, थेंबांचा वेग, ढवळण्याचा वेळ हे सगळे त्याच क्षणी वहीत लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या आकड्यांवरून तोच प्रयोग पुन्हा जमत नाही.

हळदीच्या नमुन्याकडे मी त्यानंतर वळले. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून कण खाली बसवले, ते इथेनॉलने, धुवण पूर्ण रंगहीन होईपर्यंत, धुतले आणि वाळवलेली पूड क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात त्यावरून स्फटिक ओळखायच्या चाचणीसाठी, कोल्हापूरला पाठवली. आलेखात ३८.१ अंशांजवळ चांदीचे शिखर होते आणि कण लहान असल्याने ते रुंद होते, तेव्हा कुठे मी वहीतली जुनी नोंद खोडून नवी लिहिली.